दोन स्टार, २२ टी-शर्ट आणि दुसरं मशीन

नमस्कार.

तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंत की ६० टी-शर्ट पाच दिवस उशिरा मिळाले, त्यातल्या २२ वरचा भरतकामाचा लोगो आक्रसलेला आहे, आणि "एकाच मशीनवर एवढ्या ऑर्डरी घेता कशाला, आधी मशीन वाढवा." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्यावर वाद नाही. तिसरीवर थोडं बोलायचंय, कारण हाच प्रश्न मी वर्षभर स्वतःला विचारतेय.

आधी चूक सांगते. तुमचा लोगो ८,४०० टाक्यांचा. मशीनच्या पाटीवर मिनिटाला १,००० टाके लिहिलेले असले तरी होजियरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर मी ते ७०० च्या वर नेत नाही, नेलं की धागा तुटायला लागतो. म्हणजे १२ मिनिटं टाके, रंग बदलणं आणि धागा कापणं धरून आणखी तीन. एका नगाला १५ मिनिटं, ६० नगांना १५ तास. या हिशोबावर मी तुम्हाला तारीख दिली. प्रत्येक टी-शर्ट फ्रेममध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत, बसवायला लागणारी तीन-चार मिनिटं त्यात धरलीच नव्हती. माझ्याकडे त्या मापाची फ्रेम एकच, त्यामुळे तेवढा वेळ मशीन नुसतं उभं राहायचं. साठ वेळा.

मग उशीर भरून काढायला रात्री बसले आणि घाईत मशीनमध्ये फ्रेमचं माप चुकीचं निवडलं. सुई थेट फ्रेमच्या कडेवर आपटली. सुई मोडली असती तर दोन मिनिटांत बदलली असती, पण त्या दणक्याने खालच्या हुकचं, म्हणजे सुईचा धागा पकडून टाका घालणाऱ्या भागाचं, टायमिंग सरकलं. टाके सुटायला लागले. मेकॅनिक यायला दोन दिवस गेले. तोवर ३८ नग झाले होते, उरलेले २२ मी बाहेर जॉबवर्कला दिले. ते तुम्हाला न विचारता दिले, ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

त्या २२ मध्ये काय झालं ते एक नग हातात घेतल्याबरोबर कळलं. आतून बॅकिंग, म्हणजे टाक्यांना आधार देणारं अस्तर, फाडून काढायच्या जातीचं लावलेलं. ताणल्या जाणाऱ्या कापडाला कापून काढायचं, म्हणजे टाक्यांखाली कायम राहणारं बॅकिंग लागतं. ते नसलं की टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेला कापड ओढलं जातं, आणि तुमच्या लोगोतलं गोल वर्तुळ अंड्यासारखं होतं. कडेने चुण्या येतात त्या वेगळ्याच. पंचिंगची फाइल, म्हणजे कुठे कसा टाका पडायचा ते मशीनला सांगणारी, तीच होती, धागाही मीच दिला होता. बॅकिंगचं सांगायला विसरले. त्यांना दोष देत नाही, न सांगता त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं.

आता मशीन वाढवण्याचं. तुमचा रिव्ह्यू आल्यावर घरात सगळ्यांनी एकच सूर लावला की चार हेडचं घेऊन टाक. हेड म्हणजे सुयांचा एक संच, एका वेळी एक नग काढणारा; माझ्या मशीनला एकच आहे. मी मशीनशेजारी एक वही ठेवते, सुई किती वेळ चालली ते त्यात रोज लिहिते. मागचे तीन महिने चाळले. आठ तासांच्या दिवसात सुई सरासरी ३ तास ४० मिनिटं चालली होती. बाकीचा वेळ फ्रेम लावण्यात, धागे बदलण्यात, बॉबिन भरण्यात आणि गिऱ्हाइकाने नमुन्याला हो म्हणायची वाट बघण्यात गेला. अर्धा दिवस उभ्या असलेल्या मशीनशेजारी दुसरं आणलं असतं तर दोन मशीनं उभी राहिली असती. हप्ता मात्र दर महिन्याला चालू.

चार हेडचं तर मला आत्ता परवडणारंच नाही, आणि हे पैशाबद्दल म्हणत नाही. चारही हेड एका वेळी एकच डिझाइन काढतात. तुमच्या ६० नगांसाठी ते झकास, १५ फेऱ्यांत काम संपलं असतं. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ऑर्डरी सहा ते बारा नगांच्या, दरवेळी नवं डिझाइन. त्यात एका हेडचा धागा तुटला की चारही थांबतात. अशा कामाला एकेक हेडची दोन मशीनं बरी, एकावर लोगो चालू असताना दुसऱ्यावर नावं निघतात.

म्हणून आधी मी मशीन घेतलं नाही, फ्रेमा घेतल्या. प्रत्येक मापाची दुसरी जोडी, आणि सगळे टी-शर्ट एकाच जागी सरळ बसावेत म्हणून फ्रेम लावायचं टेबल. एक नग चालू असताना पुढचा तयार असतो. तीन आठवड्यांत सुईचा वेळ पाच तासांवर गेलाय. लाजिरवाणी गोष्ट आहे, हे दोन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

पण तुमचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. काम पुरतं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एकच मशीन बंद पडलं की माझ्याकडे दुसरी वाट नाही, आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. तेव्हा ठरवलंय ते असं: सलग तीन महिने सुई रोज सहा तास चालली, किंवा नाकारलेल्या आणि बाहेर दिलेल्या कामाची रक्कम हप्त्याच्या दीडपट झाली, की दुसरं मशीन येणार. दिवाळं काढून नाही, पण टाळाटाळही नाही. तेही एका हेडचं, १५ सुयांचं, याच कंपनीचं, म्हणजे याच फ्रेमा त्यावर बसतील. नाकारलेली कामं आता वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागलेय. आधी ती लिहितच नव्हते, मग गरज कळणार कुठून? तोपर्यंत २५ नगांच्या वरच्या ऑर्डरीला दोन दिवस जास्तीचे सांगते, आणि बाहेर द्यायची वेळ आली तर आधी फोन करते. यावर काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत.

तुमच्या २२ टी-शर्टांचं: होजियरीवरचे एवढे टाके उसवले की भोकं राहतात, त्यामुळे त्यांवरच दुरुस्ती होणार नाही. नवीन २२ टी-शर्ट माझ्याकडून, लोगो माझ्याच मशीनवर, पैसे नाहीत. फक्त कुठल्या साइजचे किती ते कळवा. जुने परत द्यायची गरज नाही, पण त्यातला एखादा दोन-तीनदा धुतलेला असेल तर येताना घेऊन या. धुतल्यावर तो अजून किती आक्रसला ते मला बघायचंय.