खिसा नसलेला माणूस

'पाण्यात पडलं की पोहता येतं' असं म्हणणाऱ्याने वॉटर पार्क पाहिलेला नसणार. एकरच्या एकर पाणी, पण त्यात पोहणारा माणूस मला अजून दिसायचा आहे. लोक तिथे उभे राहतात, घसरतात, आपटतात, ट्यूबमध्ये अडकतात आणि या सगळ्यापेक्षा जास्त वेळ रांगेत थांबतात. पोहायला जागाच नसते आणि निम्म्या ठिकाणी पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. तेव्हा पोहता येणं ही तिथली पात्रता नव्हे. पात्रता एकच, सोबत मूल असणं. शहाणा माणूस आपणहून तिथे जात नाही, त्याला नेलं जातं.

हा उद्योग काही फार पुरातन नाही. लाटांचा तलाव बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात १९२७ साली सुरू झाला, पण तिथे लोक निदान आंघोळीच्या हेतूने जात. आज आपण ज्याला वॉटर पार्क म्हणतो त्याचं श्रेय अमेरिकेतल्या जॉर्ज मिले या गृहस्थांना देतात. त्यांनी १९७७ मध्ये ऑरलँडोला 'वेट एन वाइल्ड' काढलं. त्याआधी हेच गृहस्थ 'सी वर्ल्ड'च्या संस्थापकांपैकी एक होते. पाण्यात प्राणी ठेवायचे आणि ते बघायला माणसं बोलवायची, असा तो धंदा. तिथून पुढे माणसंच पाण्यात ठेवायची, हा त्यांचा वैचारिक प्रवास मला पूर्णपणे पटतो. शिवाय माणसं आपापला खर्च करून येतात आणि त्यांना मासे टाकावे लागत नाहीत.

खरी परीक्षा सुरू होते ती लॉकरपाशी. सुती कपडे चालणार नाहीत, असं तिथे ठळक लिहिलेलं असतं. त्याला कारणही आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे तंतू सुटून गाळणयंत्रात जाऊन बसतात. म्हणून नायलॉन. नायलॉन गाळणयंत्राला सांभाळून घेतं, पोटाला अजिबात नाही. एरवी ढगळ शर्टाने जी गोष्ट इतकी वर्षं झाकून ठेवली, ती नायलॉन पहिल्या मिनिटात चव्हाट्यावर मांडतं. त्यात या कपड्यांना खिसा नसतो. पाकीट, मोबाइल, घड्याळ, पट्टा, ओळखपत्र असं एकेक करत मी लॉकरमध्ये ठेवत गेलो आणि शेवटी चष्मा ठेवला. दार लावलं तेव्हा लक्षात आलं, की ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय कागद हलत नाही तो माणूस आत राहिलाय. बाहेर उभा आहे तो मनगटात रबरी पट्टा घातलेला, अंधुक दिसणारा, खिसा नसलेला कुणीतरी. त्याला काही विचारावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

चष्मा काढल्यावर मला जग दिसतं, पण ते कुणाचं आहे ते कळत नाही. त्यातून ओली मुलं. कोरड्या मुलांत फरक असतो: कुणाचे केस उभे, कुणाचा भांग वाकडा. ओली झाली की सगळ्यांचे केस कपाळाला चिकटतात, सगळी एकाच सुरात किंचाळतात आणि सगळ्यांचे कॉस्च्युम निळे असतात. मी आपल्या धाकटीला हाक मारली, "ए, इकडे ये गं." ती लगेच आली. निमूटपणे हात धरून चालायला लागली. मी तिला वाटेत पाण्याची खोली, घसरडी फरशी, अनोळखी माणसांशी न बोलणं अशा विषयांवर बरंच काही सांगितलं. तिने ते ऐकूनही घेतलं. खरं तर पहिल्या हाकेला आली तिथेच मला शंका यायला हवी होती. शेवटी एक बाई धावत आल्या आणि तिला माझ्या हातातून सोडवून घेऊन गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते सुदैवाने मला दिसलं नाही.

आमची खरी धाकटी त्या वेळी उंचीच्या पाटीपाशी वाद घालत होती. मोठ्या घसरगुंडीला एकशेवीस सेंटिमीटरची अट होती. पाटीवर एक हसरा मासा रंगवलेला, त्याचा पंख बरोबर त्या रेघेवर. ती टाचा उचलून, हनुवटी वर करून, श्वास रोखून उभी होती. तिथल्या माणसाने न बोलता दोन बोटांनी तिच्या टाचा खाली टेकवल्या. तो त्या कामात मुरलेला होता.

"दोन सेंटिमीटर कमी आहे, बाळा."

"केस ओले झाले म्हणून! कोरडे असताना बरोबर होते."

"केस मोजत नाही आपण."

"मग डोकं कुठून सुरू होतं?"

त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं. पण शिट्टी होती, ती त्याने वाजवली.

थोरला मात्र रेघेच्या वर होता आणि त्याच्यासोबत मोठं माणूस हवं म्हणून मी. ही घसरगुंडी म्हणजे मुख्यतः जिना असतो. जाळीच्या लोखंडी पायऱ्या, तळव्यावर चौकोनांची नक्षी उमटवणाऱ्या. पुढे एक अनोळखी ओली पाठ, मागे कुणाच्या तरी ट्यूबचं टोक माझ्या बरगडीत, आणि जसजसं वर जावं तसतसा वारा. खाली जो वारा 'छान' वाटतो तोच वर ओल्या अंगाला दात वाजवायला लावतो. रांग पुढे सरकते ती पायरीपायरीने. इथे एकमेकांच्या पाठीवरचे तीळ ओळखीचे होतात. पुढचे गृहस्थ कुठे नोकरीला आहेत, त्यांच्या मेहुण्याचं काय बिनसलंय, त्यांचा गुडघा कधीपासून दुखतोय हे मला समजलं. चेहरा मात्र शेवटपर्यंत समजला नाही. ते वळले तरी चष्मा कुठे होता?

वर पोचल्यावर थोरल्याने खाली वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, तू आधी."

तिथे एक मुलगा बसला होता. मिशी नुकती फुटलेली. तो आयुष्यात काही करेल का, अशी काळजी त्याच्या घरी चालू असेल. इथे मात्र मी त्याच्या आज्ञेत होतो. "काका, आडवे व्हा. हात छातीवर. पाय एकमेकांत. मान वर नको." यातल्या प्रत्येक सूचनेला अर्थ आहे, आणि पायांच्या सूचनेला सगळ्यांत जास्त. खाली आपटताना पाय फाकले तर पाणी नको तिथे फार जोरात शिरतं. पाठीखाली पाण्याचा पातळ थर वाहता असल्याने घर्षण जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे एकदा त्याने 'हं' म्हटलं की आपलं त्यावर काही मत उरत नाही. पुढचं सगळं काही सेकंदांत उरकतं. पहिल्या सेकंदात आपण ओरडतो, दुसऱ्यात तोंडात पाणी जातं, मग एका वळणावर कॉस्च्युम आपल्याआधी निघून जाण्याचा प्रयत्न करतो, आणि शेवटी नाकातून मेंदूपर्यंत सरळ रस्ता आहे याची खात्री पटते. ज्या सेकंदांसाठी आपण तो जिना चढलो त्यांतले बहुतेक डोळे मिटूनच जातात.

थोरला मागून आला, पाण्यातून उसळून वर आला आणि म्हणाला, "परत!"

एका गोष्टीबद्दल मात्र कौतुक केलं पाहिजे, ते लाइफगार्डचं. त्यांच्या प्रशिक्षणात १०/२० नावाचा एक नियम शिकवतात. आपल्या वाट्याचं सगळं पाणी १० सेकंदांत नजरेखालून घालायचं आणि कुणी संकटात दिसलं तर २० सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचं. मला माझी दोन मुलं शोधायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागत होता.

मग भोंगा झाला आणि सगळे वेव्ह पूलकडे धावले. या लाटांमागे समुद्राचा काही संबंध नाही. खोल बाजूच्या भिंतीमागे खोल्या असतात, त्यांत मोठ्या पंख्यांनी हवा कोंबतात. हवा पाण्याला खाली रेटते, पाणी बाहेर पळतं, त्याची लाट होते. म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी फुंकर मारतं आणि अलीकडे शेकडो माणसं आनंदाने किंचाळतात. लाट एकटी येत नाही. ती येताना एक अनोळखी टाच, कुणाची तरी ट्यूब, केस बांधायचं रबर आणि जखमेवरची सुटलेली पट्टी घेऊन येते. पट्टी माझ्या दंडावर येऊन चिकटली. चष्मा नसण्याचे फायदेही असतात, पण ती फारच जवळ होती.

तिथे जो उग्र वास येतो त्याला लोक क्लोरिनचा वास म्हणतात आणि 'पाणी स्वच्छ आहे हो' असं एकमेकांना सांगतात. तो वास खरा येतो क्लोरामाइन्सचा. क्लोरिनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की ती तयार होतात, डोळे लाल होतात तेही बरंचसं त्यांच्यामुळेच. वास जितका जास्त, तितकी गाठ जास्त ठिकाणी पडलेली. ही माहिती मला आधीपासून होती. काही ज्ञान लॉकरमध्येच ठेवून जावं.

मी नाकाशी लढत असताना धाकटी माझ्या खांद्यावरून कानात ओरडली, "बाबा, मला शूला जायचंय!" आजूबाजूच्या लोकांनी चमकून पाहिलं. अख्ख्या तलावात हे जाहीर करणारी ती एकटीच होती, याचा मला अभिमान वाटण्याऐवजी घोर लागला. बाकीचे सगळे गप्प का आहेत? पुढची पंधरा मिनिटं ओलं नायलॉन ओल्या मुलीच्या अंगावरून सोलून काढण्यात गेली. ते खांद्यावर गुंडाळलं जातं, दोरीसारखं पिळतं आणि कोपराशी अडकून बसतं. शेवटी सगळं जमल्यावर ती विचारपूर्वक म्हणाली, "आता नाही आली."

या सगळ्यात बायको कुठे होती? ती लेझी रिव्हरमध्ये होती. वॉटर पार्कमधलं हे एकच ठिकाण कुणातरी थकलेल्या माणसाने शोधलेलं असावं. गोल कालवा, संथ वाहतं पाणी, ट्यूबमध्ये बसायचं आणि फिरत राहायचं. तिने ते पहिल्या पाच मिनिटांत हेरलं आणि मग त्या प्रवाहाची ती कायमची रहिवासी झाली. तिच्याशी बोलायचं तर काठावर उभं राहावं लागे आणि बोलणं हप्त्याहप्त्याने होई.

"अहो, मुलं कुठायत?" असं विचारेपर्यंत पाणी तिला पुढे नेई. मी "थोरला रांगेत आहे आणि धाकटी..." एवढं म्हणेस्तोवर ती पुलाखाली गेलेली. एक फेरी होई. ती परत उगवली की मी ओरडून सांगे, "धाकटी बादलीखाली!" तोवर तिचा पुढचा प्रश्न तयार असे, "डबा काढायचा का?" याचं उत्तर द्यायला पुन्हा पूर्ण फेरी. आमच्या संसारात इतका शांत संवाद क्वचितच झाला असेल. प्रत्येक वाक्याला विचार करायला वेळ मिळत होता आणि उलट उत्तर द्यायला माणूस जागेवर नसायचा. मधेच एका ट्यूबला मी बराच वेळ घरखर्चाबद्दल काही सांगितलं. त्यात दुसऱ्याच बाई होत्या. त्यांनीही मान डोलावली म्हणे.

बादली म्हणजे उंचावर टांगलेली अजस्र बादली. तिच्यात सतत पाणी पडत असतं. रिकामी असताना ती सरळ उभी राहते. भरत गेली की गुरुत्वमध्य वर सरकतो, आसाच्या वर गेला की तोल जातो आणि ती उलटते. हे मी दोन्ही मुलांना तिच्याखाली उभं करून नीट समजावत होतो. "आता बघा, गुरुत्वमध्य जेव्हा आसाच्या..." इथे घंटा वाजली. मुलं बाजूला पळाली. प्रात्यक्षिक माझ्यावर झालं.

निघायची वेळ झाली की मुलं एक शब्द वापरतात, 'शेवटचं'. शेवटचं एकदा, अगदी शेवटचं, हे धरून शेवटचं. धाकटीचे ओठ निळे पडले होते. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी पटींनी, सुमारे २५ पटींनी, भराभर ओढून घेतं. "थंडी वाजतेय ना?" मी विचारलं. "न-न-न-नाही," ती म्हणाली. तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. बोटं पाणी पिऊन फुगतात असं आपण समजतो, पण तो मज्जातंतूंचा कारभार आहे. बोटाची नस तुटलेली असेल तर कितीही भिजवा, सुरकुती पडत नाही, हे डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच नोंदवलेलं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नसा चांगल्या आहेत ना? मग शेवटचं एकदा."

कोरडं होणं हा वेगळाच अध्याय आहे. ओल्या पायावर मोजा चढत नाही, एवढंच सांगतो.

बाहेर पडायच्या वाटेवर एक काउंटर होतं. घसरगुंडीच्या त्या वळणावर कॅमेरा लपवलेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत होते. मी नुकताच चष्मा चढवला होता आणि दिवसभरात पहिल्यांदाच स्पष्ट दिसण्याचा आनंद घेत होतो. एका फोटोपाशी थांबून मी मनमोकळं हसलो. डोळे घट्ट मिटलेले, तोंड कानापर्यंत फाटलेलं, एक हात छातीवर आणि दुसरा कॉस्च्युम धरून ठेवण्यात गुंतलेला.

"कोण बिचारा आहे बघा," मी म्हटलं.

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "बाबा, तू आहेस."

तोवर बायको काउंटरवरच्या माणसाशी बोलायला लागली होती. "यातला मोठा आकार आहे का हो? आणि फ्रेम?"