निळ्या वायरीचं अगत्य

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून आत डोकं खुपसावं, की पाच मिनिटांत तीन काका जमतात. पहिले विचारतात, "काय, आवाज येत नाही का?" दुसरे म्हणतात, "मुळात एवढ्या मोठ्याने लावायचंच कशाला?" आणि तिसरे काहीच न विचारता निकाल देतात, "ॲम्प गेला. नवा घ्या."

माझं भांडण या तिसऱ्या काकांशी आहे. ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारी पेटी. ज्याचा दिवाच लागत नाही, तो ॲम्प बहुतेक वेळा ठणठणीत असतो. सगळ्या सामानात तोच महाग, म्हणून आळ त्याच्यावर. गुन्हेगार असतो एखादा फ्यूज, नाहीतर रंगावरच आवळलेला स्क्रू.

ॲम्पला जागं व्हायला लागतात फक्त तीन वायरी. बॅटरीवरून थेट आलेली जाड लाल, गाडीच्या पत्र्याला आवळलेली तितकीच जाड काळी, म्हणजे अर्थ (अर्थिंग), आणि स्टिरिओकडून आलेली बारीक निळी-पांढरी, म्हणजे रिमोट. पहिल्या दोघी पोटापाण्याचं बघतात, तिसरी नुसता निरोप आणते. पण ॲम्पचा स्वभाव जुन्या वळणाच्या व्याह्याचा. पाट मांडलाय, पान वाढलंय, तरी अगत्याचं बोलावणं आल्याशिवाय गडी बसणार नाही.

तेव्हा पाना खाली ठेवा, मल्टिमीटर घ्या. नसेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, साधा डिजिटल मिळतो, तो पुरतो. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब ॲम्पच्या अर्थच्या टर्मिनलवरच टेकवा, शेजारच्या पत्र्यावर नाही. पत्र्यावर टेकवलात तर खराब अर्थिंग लपून बसतं. लाल प्रोब आधी बॅटरीच्या वायरीच्या टर्मिनलवर, मग स्टिरिओ चालू करून रिमोटवर. इंजिन बंद असताना दोन्हीकडे साडेबाराच्या आसपास दिसायला हवं. पहिल्या ठिकाणी शून्य आलं, तर आता काळा प्रोब उघड्या पत्र्यावर न्या. आकडा परतला? मग अर्थिंग गेलंय. तरीही शून्य? मग बॉनेट उघडा.

बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असायला हवा. तो नुसता बघून "चांगला दिसतोय" म्हणू नये. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने लाल प्रोब लावा. एकीकडे १२.६ आणि दुसरीकडे काहीच नाही, तर फ्यूज उडालाय किंवा होल्डरच आतून वितळलाय. नवा टाकल्यावर तोही लगेच उडाला, तर कृपा करून मोठा टाकू नका. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी. तो मोठा केला की फ्यूज शाबूत राहतो आणि गालिचा पेटतो. ॲम्पकडचं टोक सोडवून, मोकळं टोक टेपने गुंडाळून पुन्हा बघा. तरीही उडतोय म्हणजे वायर वाटेतच कुठेतरी पत्र्याला टेकलीय. इंजिनाकडून केबिनमध्ये येते त्या भोकाला रबरी बूच बसवलं नसेल, तर पत्र्याची धार तिला रोज थोडी थोडी सोलत असते. उरलेलं काम पार्किंगमधले उंदीर करतात, तेही बिनपगारी.

ॲम्पच्या अंगावरचे फ्यूजही बघा. २५ अँपिअरचा पांढरा, ३० चा हिरवा. वायरी उलट्या जोडल्या असतील तर बहुधा हेच बळी जातात.

अर्थिंगवर मात्र माझा खास राग आहे. सीटचा बोल्ट समोर दिसतो म्हणून थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं कडं, त्याच्याखाली सारतात. तिथे रंग, रंगाखाली प्रायमर, वरून धूळ. करंट जाणार कुठून? सीटबेल्टच्या बोल्टला तर हातच लावायचा नाही, तो तुमच्या जिवाचा आहे. अर्ध्या मीटरच्या आत सपाट पत्रा शोधा, खाली पेट्रोलची टाकी नाही याची खात्री करा, चकचकीत होईपर्यंत काचपेपरने घासा, दातेरी वॉशर घालून आवळा. पुण्यातले खड्डे आणि स्पीडब्रेकर हा स्क्रू महिन्या-दोन महिन्यांत सैल करायला समर्थ आहेत. पावसाळ्यात सीटखालची मॅट हाताने दाबून बघा. ओली लागली आणि काचा तर बंद होत्या, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते. तसं असेल तर ॲम्पच्या बुडाशी तळं साचतंय.

लाल-काळी ठीक, पण रिमोटवर शून्य? मग वायरीचा एक तुकडा घ्या आणि ॲम्पवरच लाल टर्मिनलवरून रिमोटला क्षणभर टेकवा. शेजारीच अर्थचं टर्मिनल असतं, त्याला स्पर्श झाला तर दिवाळी तिथेच साजरी होईल. दिवा लागला की ॲम्प निर्दोष सुटला. बहुतेक वेळा कोणीतरी निळी-पांढरी सोडून नुसती निळी जोडलेली असते. ती अँटेनाची. बऱ्याच स्टिरिओत ती रेडिओ चालू असतानाच जिवंत असते, त्यामुळे रेडिओ लावला की ॲम्प जागा आणि ब्लूटूथवर गेलं की ढाराढूर. कंपनीच्या टचस्क्रीनला कित्येकदा ही वायरच नसते. तिथे फ्यूजबॉक्समधून किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी लाइन फ्यूज-टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड, लावून घ्यावी. कायम चालू राहणारी घेतलीत तर ॲम्प रात्रभर जागेल आणि सकाळी काका गाडीला धक्का द्यायला येतील. तिघेही.

आणि दिवा लागतोय पण लाल? मग ॲम्प बंद नाही, तो रुसलाय, म्हणजे स्वतःला वाचवायला त्याने आवाज थांबवलाय. स्पीकरच्या वायरी आणि आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून आवाज आणणाऱ्या वायरी, सगळ्या काढा. हिरवा झाला, तर एकेक परत जोडत जा. ज्या वायरीला लाल होईल ती चोर. दाराच्या बिजागरीपाशी सोललेली स्पीकरची वायर ही नेहमीची. चार ओहमचा धडधाकट वूफर (जड आवाजाचा स्पीकर) मीटरच्या ओहमवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. शून्याजवळ आला तर त्याची कॉइल जळालीय. असे दोन वूफर समांतर जोडले की दोनच ओहम उरतात, आणि ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडलेल्या ॲम्पला सहसा किमान चार लागतात.

फक्त तीन वायरी जोडलेल्या, बाकी सगळं काढलेलं, आणि तरीही लालच? मग बहुधा आतला मॉस्फेट, म्हणजे करंट सांभाळणारा ट्रान्झिस्टर, गेलाय, बोर्ड दुरुस्तीला द्यावा लागणार. म्हणजे तिसऱ्या काकांचं खरं ठरलं. अशा वेळी डिकी हळूच लावावी, आणि विचारलंच तर "फ्यूज होता" म्हणावं.