पाळणाघराचा प्लॉट कुठे आहे?

उष्माघात, महागाई, साथीचे रोग, तुंबलेलं पाणी. पेपरात या बातम्या वेगवेगळ्या पानांवर असतात. घरात मात्र सगळ्या एकाच बाईच्या अंगावर येतात, असं माझं सरळ मत आहे.

कसं ते सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. मी वाशीला नोकरी करू शकते ती त्यांना सांभाळायला ब्युरोकडून मावशी येतात म्हणून. (ब्युरोचं कमिशन हा वेगळ्या पोस्टचा विषय.) मावशी तुर्भे स्टोअरहून येतात, त्यांचं तान्हं मोठ्या मुलीच्या भरवशावर. मोठी म्हणजे चौथीतली. पाऊस कोसळला की मावशींच्या खोलीत पाणी, त्या दिवशी माझी रजा. मे महिन्यात पत्र्याखाली बाळ तापलं की पुन्हा तेच. सिलिंडर महागला की मावशी आणखी एक घर धरतात आणि मुलीची शाळा आणखी बुडते. हवामान, पैसा, आजारपण, सगळ्याचा भार शेवटी त्या चौथीतल्या पोरीवर.

'एकमेकांची काळजी घ्या' असे फॉरवर्ड रोज येतात. पण काळजी ही नुसती माया नाही हो. कूस बदलायची, भरवायचं, डायपर बदलायचं, रात्री तीनदा उठायचं. त्याला वेळ लागतो, आणि तो कुणाचा तरी असतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात २६ टक्के. आमचे हे त्या २६ टक्क्यांत आहेत, चहापुरते.

सरकारचंही तसंच. आशाताई कोविडमध्ये दारोदार फिरल्या, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. कागदावर मात्र २००५ पासून त्या स्वयंसेविकाच. पगार नाही, मोबदला. २०२३ मध्ये राज्यात त्यांना संपावर जावं लागलं. शाल-श्रीफळ स्वस्त पडतं.

सिडकोने हे नवी मुंबई शहर कोऱ्या कागदावर आखलं म्हणतात (कागद कोरा नव्हता, गावं होती, पण असो). शाळा, बाजार, बाग, सगळं सेक्टरमध्ये. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रंही आहेत, चांगली आहेत, पण तिथवर चालत जाऊ शकणाऱ्यांसाठी. माझ्या सेक्टरमध्ये पालिकेचं पाळणाघर नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २०२० पासून वस्त्यांमध्ये अशी केंद्रं काढली, जिथे मुलं-म्हातारे सांभाळले जातात, कपडे धुऊन मिळतात आणि तेवढ्या वेळात बाई शिकते किंवा चक्क आराम करते. सेक्टर आखता येतात तर हेही आखता येईल. पालिकेच्या बजेटात रस्त्यांसारखी त्याचीही ओळ हवी.

तोवर आमच्या सोसायटीचं क्लब हाऊस दुपारी रिकामं असतं. कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना तिथे बसू द्यावं आणि सांभाळायला एक पगारी ताई ठेवावी, असा विषय पुढच्या एजीएममध्ये मांडतेय. 'मेंटेनन्स आम्ही भरायचा आणि...' हे वाक्य कोण बोलणार तेही मला माहीत आहे. सूचक मी आहे. अनुमोदक हवाय, कमेंटमध्ये फ्लॅट नंबर न टाकता कळवा.