सूर्यकिरणचे वैमानिक नुसते बसलेले नसतात

जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची विमानं डोक्यावरून गेली, तेव्हा माझी भाची आनंदानं किंचाळत होती. परवा तिनं मला घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड दाखवला. "मावशी, म्हणजे ते उडवतच नव्हते?"

फॉरवर्ड म्हणतो: पुढच्या विमानातला कॉम्प्युटर सिग्नल देतो आणि मागची आठ आपोआप वळतात, वैमानिक नुसते बसलेले असतात. दोन विमानांत पाच मीटरचं अंतर माणसाला राखताच येत नाही. परदेशात प्रवासी विमानंही अशीच उडतात.

पहिला मुद्दा धादांत खोटा आहे, आणि संताप त्याचाच येतो. मागच्या हॉक विमानातला (सूर्यकिरणची विमानं हॉक जातीची आहेत) वैमानिक शेजारच्या विमानावरून नजर हटवत नाही. त्या विमानावरच्या ठरलेल्या दोन खुणा एका रेषेत दिसल्या, की तो आपल्या जागेवर आहे. रेष जरा मोडली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा, केसभर पुढे-मागे, विमान वळवणाऱ्या स्टिकवर बोटांचा हलका दाब. हे अखंड चालू. वळायच्या आधी लीडर, म्हणजे पुढच्या विमानातला वैमानिक, रेडिओवर बोलतो, त्याच्या आवाजाच्या लयीवर सगळ्यांचे हात हलतात. जमिनीकडे बघायला सवड नसते.

याचा पुरावा फार वाईट आहे. 18 जानेवारी 1982 रोजी अमेरिकेत नेवाडात तिथल्या हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरती पथकाची चार टी-38 विमानं शेजारीशेजारी लूप (हवेतला उभा गोल) मारताना जमिनीवर आदळली. चौकशीचा निष्कर्ष: लीडरच्या विमानाचं नियंत्रण अडकलं होतं. बाकी तिघांची नजर त्याच्यावर होती, म्हणून ते त्याच्याबरोबर खाली गेले. चौघेही मृत्युमुखी पडले. आपल्याकडे 19 फेब्रुवारी 2019 ला बेंगळुरूत सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्यांना 'नुसते बसलेले' म्हणायला जीभ कशी रेटते?

पाच मीटरचं म्हणाल, तर ते सरावानं जमतं. उलट कॉम्प्युटरनं ज्याच्या भरवशावर अंतर राखायचं, त्या साध्या जीपीएसचीच चूक काही मीटरची असते.

प्रवासी विमानांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. नोव्हेंबर 2021 मध्ये एअरबसची दोन ए350 विमानं फ्रान्समधल्या तुलूजहून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेली. पुढच्याच्या पंखांमागे वर उठणाऱ्या हवेत मागच्याला यंत्रणेनं धरून ठेवलं, आणि इंधन वाचलं. पण ते प्रात्यक्षिक होतं, आणि दोघांत अंतर 3 किलोमीटर होतं.

भाचीला अंगणात नेलं. माझी अंगठी आणि घड्याळ एका रेषेत ठेवून माझ्या शेजारून चाल म्हटलं. दुसऱ्याच वळणाला ती कुंडीवर धडकली.