कपड्यांच्या बिलावरची पाचशेची सवलत आणि भावाचं सिबिल

दुकानात कपडे घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कर्जखातं बांधायला बंदी असली पाहिजे. हो, कर्जखातंच. मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर "मेंबरशिप" म्हणून जे चकचकीत कार्ड देतात, ते बऱ्याचदा कुठल्यातरी बँकेचं क्रेडिट कार्ड असतं. वर नाव दुकानाचं, मागे बँक. ते तुम्ही एकदाही वापरलं नाही तरी सिबिलच्या, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, रिपोर्टमध्ये तुमच्या नावावर एक खातं उघडलेलं असतं. तिथे उभं असताना हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर कार्ड खपणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझा धाकटा भाऊ नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. आहेराच्या साड्या, त्याचे कपडे, पोराबाळांचे कपडे, बिल भलं मोठं झालेलं आणि मागे रांग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आमचं कार्ड करून घ्या ना, आजच्या बिलात पाचशे कमी होतील. फ्री आहे." पॅन नंबर, मोबाइल नंबर, जन्मतारीख. ओटीपी आला, त्याने सांगितला. लगेच दुसरा आला. "हा डिस्काउंटसाठी आहे सर." तोही सांगितला. पाचशे कमी झाले, उरलेले पैसे त्याने स्वतःच्या डेबिट कार्डाने भरले आणि आम्ही बाहेर पडलो. पहिला ओटीपी क्रेडिट कार्डाच्या अर्जाचा होता आणि दुसरा ते कार्ड चालू करण्याचा, हे आम्हाला कळलं ते गृहकर्जाची फाइल अडल्यावर.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला दिवसाला अमुक कार्डं करायचं टार्गेट असतं आणि ते नाही झालं तर संध्याकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो. राग आहे तो ज्यांनी ती विक्री अशी बसवली त्यांच्यावर. रांग लागलेली असताना, हातात पिशव्या असताना, पोरं रडत असताना माणसाकडून कर्जाची संमती घ्यायची, हे ठरवून केलेलं आहे. बँकेत शांतपणे बसवून फॉर्म वाचायला दिला तर दहातले आठ जण नको म्हणतील.

पुढे काय झालं ते ऐका. लग्नानंतर भावाने भाड्याची खोली बदलली, कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं. ईमेल काउंटरवर टाइप करताना एक अक्षर चुकलेलं, त्यामुळे बिलं भलत्याच पत्त्यावर जात राहिली. पहिलं वर्ष फ्री होतं. दुसऱ्या वर्षाची वार्षिक फी लागली 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे. ते भरले नाहीत म्हणून लेट फी, लेट फीवर पुन्हा जीएसटी, थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं. ज्या कार्डावरून एक रुपयाची खरेदी झालेली नाही, त्यावर काही महिन्यांत हजारोंची थकबाकी.

आता कोणीतरी म्हणेलच, की एसएमएस आले असतील ना. आले ना! ज्या बँकेत त्याचं खातं नाही, जिथून त्याने कधी कार्ड मागितलं नाही, तिच्या नावाने "तुमचं बिल थकलं आहे, या लिंकवर भरा" असे मेसेज आले. आणि रिझर्व्ह बँक टीव्हीवर, रेडिओवर रात्रंदिवस काय सांगते? अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, ओटीपी देऊ नका, फसवणूक होते. त्याने तेच केलं. जे सांगितलं तेच करणाऱ्या माणसाला तुम्ही थकबाकीदार ठरवता? एका बाजूने लोकांना घाबरवायचं की असा मेसेज खोटा असतो, आणि दुसऱ्या बाजूने हुबेहूब तसाच मेसेज पाठवून म्हणायचं की आम्ही कळवलं होतं!

पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला, बिल्डरला बुकिंगची रक्कम दिली, बँकेत फाइल टाकली. तिथले साहेब म्हणाले, "सिबिल बसत नाही." ज्या मुलाने मोटारसायकलचा एकही हप्ता कधी चुकवला नाही, त्याचा स्कोअर साडेसहाशेच्या घरात. सिबिलचा आकडा 300 ते 900 मध्ये असतो आणि साडेसातशेच्या खाली गेलात की बँकेचा चेहरा बदलतो. रिपोर्ट काढला तर हे कार्ड त्यात, आणि त्याच्या पुढे महिन्यामागून महिन्याच्या चौकोनांत किती दिवस थकलं त्याचे आकडे चढत गेलेले. 30, 60, 90. त्या चौकोनात कारण लिहायला जागा नसते. कपड्यांच्या दुकानाची फी थकली की कोटींचं कर्ज बुडवलं, आकडा दिवसांचाच पडतो.

नियम नाहीत असं कोणी समजू नका. रिझर्व्ह बँकेने 2022 साली क्रेडिट कार्डांसाठी जे निर्देश काढले, ते मी या प्रकरणात बसून वाचले. न मागितलेलं कार्ड द्यायला बंदी आहे. तसं कार्ड देऊन बिल पाठवलं तर रक्कम परत करून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. तीस दिवसांत कार्ड चालू झालं नाही तर ओटीपीने पुन्हा संमती मागायची, नाही मिळाली तर खातं सात कामकाजाच्या दिवसांत फुकट बंद करायचं. कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती सिबिलसारख्या संस्थांना द्यायची नाही. किती चांगले नियम आहेत! आणि हे सगळेच्या सगळे त्या दुसऱ्या ओटीपीने गिळून टाकले. काउंटरवरच कार्ड "चालू" झालं, म्हणून तीस दिवसांचा नियम लागू नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला, म्हणून "न मागितलेलं" नाही. बँकेच्या माणसाने फोनवर मला हेच ऐकवलं, "मॅडम, सिस्टिममध्ये कन्सेंट आहे."

माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरलं असेल तर ते याने. वर्षभर वापरलं नाही तर ग्राहकाला कळवून कार्ड बंद करायला घ्यायचं, असाही नियम आहे. पण त्यात अट आहे, आधीची सगळी देणी चुकती झालेली पाहिजेत. आणि वर्षाची फी कधी लागते? वर्ष संपल्यावर. म्हणजे न वापरलेलं कार्ड आपोआप बंद व्हायची वेळ येते आणि त्याच सुमाराला फी लागून ते "देणं बाकी" होतं. बंद करायचं तर आधी फी भरा. ज्याला कार्ड असल्याचंच माहीत नाही तो कशी भरणार?

मोबाइलच्या आणि फ्रिज-टीव्हीच्या दुकानांत याहून भयंकर चालतं. तिथे कोपऱ्यात टेबल टाकून फायनान्सवाली दोन-तीन पोरं बसलेली असतात. तुम्ही हप्त्यावर फोन घेताय म्हटलं की पॅन घेतात आणि "बघू कुठे बसतंय" म्हणत एकामागून एक कंपन्यांत टाकतात. प्रत्येक कंपनी तुमचा रिपोर्ट उघडते आणि प्रत्येक वेळी तिथे कर्जासाठी केलेली चौकशी म्हणून नोंद पडते. थोड्या दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या की पुढची बँक समजते हा माणूस पैशाच्या मागे दारोदार फिरतोय. तो माणूस बिचारा स्टुलावर बसून चहा पीत असतो. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिला तर त्याने काही बिघडत नाही, तेवढं बघत चला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलकडून, एक्सपिरियनकडून, इक्विफॅक्सकडून, सीआरआयएफ हाय मार्ककडून, चौघांकडून वेगवेगळा. 2017 पासून मिळतो. किती जणांना माहीत आहे? शून्य टक्के व्याजाचे फलक दुकानभर लावता येतात, या एका ओळीला जागा मिळत नाही.

आणि ते शून्य टक्के! रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. मग नाव बदलून "नो कॉस्ट ईएमआय" आलं. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्हाला मिळत नाही, प्रोसेसिंग फी लागते, जीएसटी लागतो. शिवाय फायनान्स कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला प्रत्येक फोन आणि प्रत्येक मिक्सर रिपोर्टमध्ये वेगळं कर्ज म्हणून दिसतो.

ज्यांनी ही कार्डं समजून-उमजून घेतली त्यांचंही नुकसान आहेच. दुकानाच्या कार्डाची मर्यादा बऱ्याचदा छोटी असते. वीस हजारांची मर्यादा आणि त्यावर पंधरा हजारांचं कपाट घेतलं, की पंचाहत्तर टक्के मर्यादा वापरली गेली. तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवा असं सांगतात. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याचाही स्कोअर यात घसरतो आणि त्याला कळतही नाही कशाने.

मग वसुलीवाल्याचा फोन. आवाज एकदम गोड. "सर, पूर्ण भरू नका, अर्ध्यात सेटल करून टाकतो, आजच्या आज." भाऊ तयार झाला होता, कटकट मिटवायला. मी हातातून फोन काढून घेतला. सेटल केलं की रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो, म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत असा अर्थ. पुढे वर्षानुवर्षं बँकवाले तो शेरा बघून फाइल बाजूला ठेवतात. पाहिजे असतो तो "क्लोज्ड". हे त्या वसुलीवाल्याला माहीत नाही? चांगलं माहीत आहे. पण त्याला त्याचं कमिशन आज पाहिजे. ज्यांच्या घरात हे सांगणारं कोणी नाही त्यांचं काय होत असेल, या विचाराने माझी झोप उडते.

शेवटी आम्ही पूर्ण रक्कम भरली, कारण बिल्डरची तारीख जवळ आली होती. कार्ड बंद करायचा लेखी अर्ज दिला, ना-हरकत पत्र घेतलं. पैसे भरल्यावर तीस दिवसांत बँकेने सिबिलला कळवायचं असतं. तो महिना उलटला तरी रिपोर्टमध्ये थकबाकी तशीच. मग तक्रार. इथेही नियम आहे: तक्रार केल्यावर तीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, एप्रिल 2024 पासून. बँक म्हणते आम्ही पाठवलंय, सिबिल म्हणतं बँकेने पाठवलं की बदलू. भरपाईचं विचारलं की दोघांचेही फोन कट होतात.

आपल्याकडे शेतकऱ्याला पीककर्जासाठी सिबिल विचारू नका म्हणून देवेंद्र फडणवीसांना बँकांना दम द्यावा लागला. तिथे निदान कोणी बोलणारं आहे. पगारदार माणसाच्या बाजूने कोण बोलणार? आणि कोर्टाचं म्हणाल तर कार्डाच्या व्याजावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. आता बँक म्हणेल तो दर.

भावाला कर्ज मिळालं, पण अर्धा टक्का जास्त दराने. तीस लाख, वीस वर्षं. साडेआठऐवजी नऊ टक्के. हप्त्यात महिन्याला साडेनऊशेच्या वर फरक पडतो, वीस वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर. हे कशासाठी, तर एका दुकानाने बिलात पाचशे कमी केले म्हणून. स्कोअर सुधारला की दर कमी होईल का विचारलं, तर साहेब म्हणाले तेव्हा वेगळा अर्ज करा, बघू.

माझं मागणं फार मोठं नाही. बिलाच्या काउंटरवर क्रेडिट कार्ड विकायला बंदी घाला. विकायचंच असेल तर ओटीपीच्या मेसेजमध्ये पहिली ओळ मराठीत टाका, की हे कर्जखातं आहे, वर्षाला इतकी फी आहे, आणि न भरल्यास तुमचा सिबिल स्कोअर घसरेल. अर्ज आणि कार्ड चालू करणं यांत निदान दोन दिवसांचं अंतर ठेवा, माणसाला घरी जाऊन विचार करू द्या. आणि ज्या कार्डावर एकही खरेदी झालेली नाही, त्याच्या फीची थकबाकी सिबिलला कळवायचीच नाही.

बँकेचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, सप्टेंबर 2022 पासून सिबिलविरुद्धसुद्धा. आम्ही गेलोय. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकली आहे, बँकेची वेगळी, सिबिलची वेगळी, सगळ्या कागदांसकट. दोन ओटीपी एका मिनिटात कसे घेतले गेले ते एसएमएसवरच्या वेळेसह जोडलं आहे. कन्सेंट सिस्टिममध्ये आहे म्हणतात ना, तर त्या मुलीने त्या एका मिनिटात भावाला काय वाचून दाखवलं, ते त्यांनी आता लोकपालासमोर सांगावं.