पूनमचे सुतक कोणी धरले?

कॉर्नेल वुलरिच या अमेरिकन लेखकाची ‘आय मॅरीड अ डेड मॅन’ ही १९४८ सालची कादंबरी मी या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वेळी पुढे काय होते या ओढीने पाने उलटली होती. या वेळी शेवट ठाऊक असल्यामुळे जरा सावकाश वाचता आले, आणि तेव्हा जी गोष्ट डाचू लागली ती अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कादंबरीचा शेवट पुढे उघड होणार आहे, याची वाचू इच्छिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

नाव अपरिचित वाटले तरी गोष्ट आपल्या परिचयाची आहे. गुलशन नंदा यांची ‘कटी पतंग’ ही हिंदी कादंबरी आणि तिच्यावरून शक्ती सामंत यांनी काढलेला, आशा पारेख आणि राजेश खन्ना यांचा चित्रपट हे याच कथेचे भारतीय रूप. आमच्या पिढीने हा चित्रपट गाण्यांसाठी पाहिला, आमच्या आयांनी तो डोळे पुसत पाहिला, आणि माझ्या माहितीतल्या एकीनेही त्यातल्या पूनमविषयी कधी एक प्रश्न विचारला नाही, मीही नाही. (पुढे भारतीय कथेतली नावे मी चित्रपटातली घेते आहे, कारण ती सर्वांच्या तोंडी आहेत.)

आधी मूळ कथा. हेलन नावाची एक तरुणी गरोदर आहे. ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली त्याने तिच्या हातावर पाच डॉलरची नोट आणि सॅन फ्रान्सिस्कोचे रेल्वेचे तिकीट टेकवून तिची बोळवण केली आहे. गाडीत तिला पॅट्रिस आणि ह्यू हे नवविवाहित जोडपे भेटते. पॅट्रिसही गरोदर आहे, पहिल्यांदाच सासरी निघाली आहे आणि सासरच्या कोणीही तिला अजून पाहिलेले नाही. दोघींची गट्टी जमते. हात धुताना पॅट्रिस आपली लग्नाची अंगठी हेलनच्या बोटात सरकवते आणि नेमका त्याच वेळी गाडीला अपघात होतो. हेलन शुद्धीवर येते ती रुग्णालयात, शेजारी नुकते जन्मलेले बाळ आणि उशाशी पॅट्रिसच्या सासरच्या माणसांची माया घेऊन, कारण बोटातल्या अंगठीवरून सगळ्यांनी तिलाच पॅट्रिस मानले आहे. ती खुलासा करण्याचे ठरवते, पण बाळाकडे पाहते आणि गप्प राहते. संपूर्ण कादंबरीचा गुन्हा म्हणाल तर एवढाच, आणि मला तो अजूनही फार अस्सल वाटतो. तिने खोटे असे काही सांगितलेलेच नाही, फक्त खरे सांगायचे राहून गेले आहे.

गुलशन नंदांनी ही कथा इकडे आणताना जे बदल केले त्यांचे मला अतिशय कुतूहल आहे, कारण भाषांतरातला बदल हा बहुतेक वेळा त्या समाजाचा कबुलीजबाब असतो. पहिला बदल म्हणजे गाडीत भेटणारी स्त्री अनोळखी उरली नाही. पूनम ही नायिका माधवीची बालमैत्रीण झाली. दुसरा बदल असा की मूल माधवीचे नाही, पूनमचे आहे. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे नाव चुकून चिकटत नाही. रुग्णालयात शेवटच्या घटका मोजणारी पूनम स्वतःच विनवते की माझ्या मुन्नाची आई हो, माझे नाव घे, माझ्या सासरी जा.

या तीन बदलांनी काय साधले ते पाहण्यासारखे आहे. बालमैत्रिणीने मरताना मागितलेले वचन म्हटल्यावर तोतयेगिरीचे पाप उरतच नाही, त्याचे कर्तव्य होते. मूल पूनमचेच म्हटल्यावर नायिका कुमारिका राहते, आणि पूनमचे सासरे, नैनितालचे दिवाण दीनानाथ, यांच्या घरी जो नातू येतो तो खरोखर त्यांच्याच रक्ताचा असतो. वुलरिचच्या कादंबरीत आजी-आजोबा ज्या बाळाला छातीशी धरतात ते त्यांचे कोणीच लागत नाही, आणि त्यांचे खरे नातवंड आईच्या पोटातच रुळांवर संपलेले आहे. ही भीषण गोष्ट भारतीय रूपात पुसून टाकली आहे. वंशाचा दिवा अस्सल आहे, खोटी आहे ती केवळ सून, आणि सून काय, एक गेली तर दुसरी त्या जागी बसू शकते. हे वाक्य कथेत कोणी उच्चारत नाही, पण सगळी कथा त्यावर उभी आहे.

आता मला डाचणारी गोष्ट सांगते. जवळची मैत्रीण मरते आणि तुम्ही तिचे नाव घेता, म्हणजे नेमके काय होते? कागदोपत्री मेलेली तुम्ही असता आणि ती जिवंत असते. तिच्या मरणाचे दुःख करण्याचा अधिकार ज्या एका व्यक्तीला आहे, जिने तिला लहानपणापासून पाहिले, जिच्या हातात तिने प्राण सोडला, तीच व्यक्ती आता तिच्यासाठी रडू शकत नाही, कारण स्वतःच्या नावाने कोणी स्वतःसाठी रडत नाही. सासूसासऱ्यांना सून गेल्याचा पत्ताच नाही. मुलाला आई गेल्याचा पत्ता नाही. पूनमला अग्नी कोणी दिला, कोणत्या नावाने दिला, तिचे दिवस कोणी केले, या प्रश्नांत कथेला रस नाही, कारण मुन्ना आणि माधवी टॅक्सीत बसून पुढे निघाले आहेत आणि वाटेत लुटायला निघालेल्या टॅक्सीवाल्याच्या तावडीतून सोडवायला नायक यायचा आहे.

आणि तरीही माधवी पांढरी साडी नेसते. चित्रपटभर ती पांढऱ्या साडीत आहे. ते पांढरे कोणासाठी आहे? शेखरसाठी, म्हणजे पूनमच्या दिवंगत नवऱ्यासाठी, ज्याचे तिने तोंडही पाहिलेले नाही. जिच्यासाठी तिने खरोखर शोक करायला हवा तिच्यासाठी तिच्या अंगावर एक धागाही नाही. मैत्रिणीच्या मरणाला आपल्याकडे सुतक नसते हे खरे. सुतक नात्याचे आणि गोत्राचे, मैत्रीचे नव्हे. म्हणूनच न पाहिलेल्या पुरुषाचे वैधव्य पाळणे सगळ्यांना स्वाभाविक वाटले आणि पाहिलेल्या मैत्रिणीचा शोक कोणाला आठवलाही नाही.

चित्रपटाचे कौतुक नेहमी विधवेच्या प्रेमाला न्याय दिला म्हणून केले जाते. होळीच्या दिवशी नायक कमल पांढऱ्या साडीतल्या माधवीला रंग लावतो तो प्रसंग १९७०च्या सुमारास धाडसी होता, हे मान्य. पण ते धाडस पदरात सुरक्षिततेची गाठ मारून केलेले आहे. ती विधवा नाही, तिचे लग्नच झालेले नाही, हे प्रेक्षकांना पहिल्यापासून ठाऊक असते. एवढेच नव्हे, ज्याच्याशी ठरलेले लग्न सोडून ती मांडवातून पळाली तो हाच कमल. म्हणजे विधवेचा पुनर्विवाह पाहिल्याचे पुण्य पदरी पडते आणि प्रत्यक्षात ठरलेले लग्नच थोड्या उशिराने लागते. आशा पारेख यांना या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते, कारण पटकथेने न मागितलेला अपराधभाव त्यांनी कित्येक ठिकाणी नुसत्या डोळ्यांतून आणला आहे. सासूच्या भूमिकेत आपल्या सुलोचनाबाई आहेत. त्या माउलीसमोर खोटे बोलणे किती अवघड असेल हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

तोतया म्हटले की आपल्याला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. पानिपतानंतर भाऊ म्हणून प्रकटलेला तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, ज्याच्या मागे कोकणात मोठी फौज जमली आणि ज्याला १७७६ साली पुण्यात देहान्त शासन झाले. त्या सगळ्या धामधुमीत माझे लक्ष नेहमी पार्वतीबाईंकडे जाते. नवरा रणात पडल्याचे त्यांनी कधीच मान्य केले नाही आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत सौभाग्यलेणे उतरवले नाही. एकीकडे नवरा गेला असे सगळे जग म्हणत असताना कुंकू लावणारी ती बाई, आणि दुसरीकडे नवरा कधी नव्हताच तरी कुंकू पुसणारी माधवी. माझ्या मनात या दोघी का कोण जाणे शेजारी शेजारी बसतात. तोतया या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप मात्र आपल्या ओठांवर सहज येत नाही. पुरुषाला तोतया व्हायचे तर गादी, दौलत किंवा फौज हवी असते. पॅट्रिशिया हायस्मिथच्या १९५५ सालच्या कादंबरीतला टॉम रिपली मित्राला ठार मारतो आणि त्याच्या अंगठ्या, कपडे, पैसे आणि ऐष घेऊन युरोपभर हिंडतो. हेलन आणि माधवी यांना मैत्रिणीच्या नावाबरोबर काय मिळते, तर सासर. निजायला खोली, बाळाला दूध आणि सकाळी लवकर उठण्याची जबाबदारी.

हे लिहिताना माझ्या आजीची आठवण झाली. तिच्या लग्नात, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून माहेरची मुलगी संपली. तिच्या बालमैत्रिणीचे पत्र एकदा जुन्या नावाने आले तेव्हा घरातल्या कोणालाच ते कोणाचे हे कळेना आणि पत्र दोन दिवस कोनाड्यात पडून राहिले, असे ती हसत सांगे. परक्या घरात परक्या नावाने वावरणे, हाक आली की क्षणभर थबकून मग ओ देणे, हे तिने कोणतीही तोतयेगिरी न करता केले. म्हणून वुलरिचच्या कादंबरीतला एक लहानसा प्रसंग मला साऱ्या रहस्यापेक्षा मोठा वाटतो. दीर बिल दुकानात नवे फाउंटन पेन घेताना तिला ते चालवून पाहायला सांगतो आणि ती बेसावधपणे कागदावर लिहून जाते, ‘हेलन’. कोणी पिस्तूल रोखलेले नाही, पण माझ्या छातीत धस्स झाले. आणि आजीच्या हातात कोणी असे अचानक पेन दिले असते तर तिने कोणते नाव लिहिले असते, हा विचार काही केल्या जाईना.

खलनायकाविषयी फार लिहावे असे काही नाही. तो दोन्हीकडे आहे, दोन्हीकडे पूर्वीचा प्रियकर आहे आणि दोन्हीकडे त्याला सासरच्या पैशांवर डोळा आहे. पण चित्रपटातला एक तपशील मात्र माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. शेवटाकडे या खलनायकाची, कैलासची, साथीदार शबनम दिवाणांच्या घरी येते आणि खरी पूनम मीच असा दावा करते. म्हणजे सबंध कथेत पूनमच्या वतीने तिच्या नावावर हक्क सांगायला जी एकमेव व्यक्ती उभी राहते तीही तोतयाच निघते. एका खोट्या पूनमविरुद्ध दुसरी खोटी पूनम भांडते आणि मग आपण, प्रेक्षक, आपल्या आवडत्या खोट्या पूनमच्या बाजूने श्वास रोखून बसतो. तिसरी, जी खरी होती, तिची आठवण त्या गदारोळात कोणाला येणार?

वुलरिचने हे प्रकरण सुखरूप मिटवले नाही, म्हणून त्याच्याविषयी माझा आदर वाढला. त्याच्या कादंबरीत प्रियकराचा खून होतो, हेलन आणि बिल एकमेकांचे होतात, त्यांना सुंदर घर मिळते, पण खून आपण केलेला नाही हे प्रत्येकाला स्वतःपुरते माहीत असल्यामुळे तो दुसऱ्यानेच केला असला पाहिजे, हा संशय त्या घरात कायमचा राहायला येतो. दोघांचे एकमेकांवर निस्सीम प्रेम आहे आणि दोघांपैकी एक जण कधीतरी निघून जाणार हेही ठरलेले आहे. मृत स्त्रीच्या नावाने उभा राहिलेला संसार टिकत नाही, असा काही धडा लेखक देत नाही, त्याने केवळ तो टिकू दिलेला नाही. (ही कादंबरी त्याने स्वतःच्या नावाने नव्हे, तर विल्यम आयरिश या टोपणनावाने प्रसिद्ध केली होती, हे कळले तेव्हा मला हसू आले.) आपल्या चित्रपटात मात्र सत्य बाहेर येते, दुष्ट पकडले जातात, कमल माधवीला कड्याच्या टोकावरून परत आणतो आणि पांढरी साडी उतरते. मैत्रिणीचे नाव परत करून माधवी मोकळी होते. पण ते परत घ्यायला तिथे कोणी नाही.

मला कोणी ही कथा पुन्हा लिहायला सांगितली तर मी फारसे काही बदलणार नाही. फक्त एक प्रसंग घालीन. अपघाताला वर्ष झाले आहे. शेखरचे वर्षश्राद्ध त्याच्या तिथीला रीतसर होऊन गेले आहे, ब्राह्मण जेवले आहेत. आणि मग एका साध्या दिवशी, ज्या तिथीला घरात कोणाचेच काही नाही अशा दिवशी, सून सकाळपासून पाण्याखेरीज काही घेत नाही. दुपारी ती एक पान वाढते आणि मागच्या दाराने गायीला घालायला निघते. सासू ओट्यापाशी उभी असते. ती पानाकडे पाहते, सुनेच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहते आणि अगदी मायेने विचारते, “आज कोणाचं पान गं?”