अंजनेरीला किती माणसे पेलवतील?

इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या उत्तरेला समुद्रात कापिटी नावाचे बेट आहे. तिथे जाणाऱ्या बोटीत चढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आपली पिशवी उघडून, उलटी करून तपासावी लागते. आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. आईच्या बुटाच्या पट्ट्यात अडकलेले गवताचे कुसळ तिथल्या तरुण मुलीने चिमटीत धरून काढले आणि एका डबीत टाकले. ‘एवढ्याशा कुसळाने काय बिघडणार?’ असे आईने मला मराठीत विचारले. त्या बेटावरचे उंदीर १९९०च्या दशकात मोठ्या कष्टाने संपवले, म्हणून जमिनीवर घरटी करणारे पक्षी आज तिथे टिकून आहेत. एखादा गाभण उंदीर किंवा एखाद्या तणाचे बी चुकून पोहोचले, तर ते कष्ट पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील. रोज किती माणसांनी बेटावर उतरायचे, याचाही आकडा ठरलेला आहे. तो भरला की बोट रिकामी असली तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी यायचे.

२०२५च्या नोव्हेंबरात नाशिकच्या तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांचा प्रश्न पेटला तेव्हा मला हे कुसळ आठवत राहिले. कुंभमेळ्यातील साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी झाडे तोडावी लागतील, त्या बदल्यात दुसरीकडे अधिक झाडे लावू, अशी एक बाजू होती, आणि तपोवन हे नाव ज्या झाडांमुळे आहे तीच तोडून कुंभ कसला, अशी दुसरी. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. परंतु या वादात पर्यटन आणि जैवविविधता जणू एकमेकांच्या वाटेत उभी आहेत, असे गृहीत धरले गेले, आणि मला खरी चूक तिथे दिसते. नाशिकला येणारा माणूस देवदर्शनाबरोबर डोंगर, नदी आणि पाऊस पाहायला येतो. त्या गोष्टी उरल्या नाहीत, तर त्याला दाखवायला आपल्याजवळ काय राहील?

अंजनेरीचेच उदाहरण घ्यावे. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून लोक श्रद्धेने तिथे चढतात, आणि २०१७ पासून तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. त्याच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे एक विणीचा हंगाम फुकट गेला की त्या जोडीचे वर्षच वाया जाते. वरच्या पठारावर, कातळावरच्या वितभर मातीत, पावसाळ्यात कंदीलपुष्पाची एक जात उगवते. अंजनेरीचेच नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे. तिचा कंद जमिनीखाली असतो आणि कोवळा शेंडा बोटाएवढा. श्रावणातल्या एखाद्या रविवारी हजारो पावले त्या पठारावरून गेली, तर ते शेंडे कोणी मुद्दाम उपटण्याची गरज उरत नाही. काही वर्षांपूर्वी या डोंगरावर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, पुढे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी रोपवेने जोडण्याचा आला, आणि दोन्हींना नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. वृद्धांना दर्शन घडावे, ही त्यामागची इच्छा मला खोटी वाटत नाही, कारण माझ्या आईचे गुडघे मी पाहिले आहेत. तरीही मी विरोधकांच्या बाजूची आहे. रस्ता झाल्यावर वर किती माणसे जातील आणि पठाराला किती पेलवतील, हा हिशेब आधी व्हायला हवा, आणि तो झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

न्यूझीलंडचे सगळे उचलून नाशिकला नेता येईल, असे मी म्हणत नाही. इथे माणसे थोडी आहेत, आणि राखीव भागातून माणसाला वगळणे सोपे जाते. परदेशी पर्यटकाकडून घेतला जाणारा संवर्धन व पर्यटन कर ऑक्टोबर २०२४ पासून पस्तीस न्यूझीलंड डॉलरवरून शंभर डॉलर झाला. हे बाहेरून येणाऱ्यांच्या बळावर चालते. अंजनेरीला येणारा शेजारच्या तालुक्यातला शेतकरी असतो, आणि देवाच्या वाटेवर त्याच्याकडून तसा कर मागणे मला पटत नाही. मात्र रोजची मर्यादा, आधी नोंदणी, विणीच्या काळात कड्याकडची वाट बंद ठेवणे आणि पठारावर ठरलेल्या पायवाटेबाहेर पाऊल न टाकणे, एवढ्यासाठी देश श्रीमंत असावा लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातले नांदूरमधमेश्वर मला इथल्या बेटांपेक्षा अधिक शिकवते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर सिंचनासाठी बंधारा बांधला, त्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, आणि त्या उथळ पाण्यात पक्षी आले. हे माणसाच्या हातून घडलेले पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. गेल्या जानेवारीत बाबांना घेऊन तिथल्या चापडगावला गेले होते. गावातल्याच एका मुलाने स्कोप लावून बाबांना चक्रवाक दाखवले, मग थापटे, मग वारकऱ्यांचा काळा थवा. ‘वारकरी’ हे नाव ऐकून बाबा किती तरी वेळ हसत होते. निघताना तो मुलगा म्हणाला, ‘ताई, हंगाम तीन-चार महिन्यांचा. उरलेल्या वर्षात मी उसाच्या तोडीला जातो.’

ज्याच्या डोळ्यांवर हे सारे पर्यटन चालते, त्याचे पोट मात्र त्यावर चालत नाही. जैवविविधता कायदा २००२चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पण अनेक गावांत ती नोंदवही कपाटात पडून असते. प्रवेशशुल्काचा ठरलेला भाग थेट या समितीकडे यावा, जलपर्णी काढण्याचे, गस्तीचे आणि पावसाळ्यातल्या नोंदींचे काम गावातल्याच मुलांना बारमाही पगारावर द्यावे, आणि किती गाड्या आत सोडायच्या हे ग्रामसभेने वन विभागासोबत बसून ठरवावे, असे मला वाटते. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये मोठा निधी येत आहे. त्यातला थोडा भाग चापडगावच्या त्या मुलाच्या बारमाही पगारावर खर्च व्हावा, आणि अंजनेरीच्या पायथ्याशी येत्या पावसाळ्यापूर्वी माणसे मोजायला कोणी तरी बसवावे.